तारापूरचा चित्रतुरग

अभिनवभारतीतून ज्ञात असलेल्या शंकुकाच्या चित्रतुरगन्यायानुसार, चित्रातील घोडा पाहताना होणारी प्रतीती सम्यक्, मिथ्या, संशय आणि सादृश्य या चारही ज्ञानप्रकारांहून निराळी असते. अणुवीज केंद्राच्या चालकांसाठी नियंत्रणकक्षाचे जे संगणकीय प्रतिरूप, म्हणजे सिम्युलेटर, रचले जाते, त्याच्या विचारात हा न्याय उपयुक्त असूनही अपुरा ठरतो. प्रेक्षक चित्रातील घोड्यावर स्वार होत नाही. प्रशिक्षणार्थीला व्हावेच लागते. त्याने झडप बंद केली, की समीकरणे दाब व तापमान बदलून त्याला उत्तर देतात. येथे अनुकृतीने दिसून भागत नाही. तिला वागावे लागते.

परंतु ती वागते तेवढ्याच जगापुरती, जेवढे रचनाकाराने निवडलेले असते. १९७९ साली अमेरिकेत थ्री माइल आयलंड येथे जो अपघात झाला, तशी परिस्थिती तेथील चालक ज्या सिम्युलेटरवर शिकले त्यात योजलेलीच नव्हती.

१९६९ साली सुरू झालेल्या तारापूर केंद्राच्या संदर्भात ही निवड अधिक बोलकी होते. अशा प्रतिरूपात समुद्र म्हणजे शीतकरणाच्या पाण्याचे तापमान; किनाऱ्यावरील मच्छीमाराचा समुद्र त्यात नसतो. तिसऱ्या व चौथ्या अणुभट्टीसाठी उठलेली अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे तर कोणत्याच चलात येत नाहीत. प्रशिक्षणापुरते हे वगळणे समर्थनीय आहे. त्या प्रतिरूपालाच परिसर मानणे समर्थनीय नाही. चुकलेला प्रसंग सिम्युलेटरवर पुन्हा आरंभापासून मांडता येतो. उठलेले गाव तसे मांडता येत नाही, आणि अनुकृतीची समीक्षा नेमकी तेथून सुरू व्हावयास हवी.