बुजवलेल्या कमानी काय सांगतात?

‘वारसा’ या शब्दाची आज आपण एका उदाहरणावर परीक्षा घेऊ. इंग्लंडमधल्या यॉर्कशरचं व्हॉरम पर्सी हे उजाड गाव. घरांच्या जागी आता गवताचे उंचवटे आहेत. उभं आहे ते सेंट मार्टिनचं चर्च, आणि तेही बिनछपराचं.

मॉरिस बेरसफर्ड आणि जॉन हर्स्ट यांच्या पुढाकाराने इथे 1950 ते 1990 अशी चाळीस वर्षं उत्खनन चाललं. चर्चच्या जमिनीखालीही खणलं गेलं. त्यातून क्रम दिसला तो असा: आधी लहानसं लाकडी चर्च, मग दगडी. पुढे गाव वाढलं तशी दोन्ही बाजूंना दालनं जोडली गेली. मग माणसं घटली. दालनं पाडली, कमानी दगडांनी बुजवल्या. 1500 च्या सुमारास उरलेली घरंही उठली आणि जमीन मेंढ्यांच्या चराईला गेली.

आता आपला मुद्दा. 19 व्या शतकात इंग्लंडमध्ये जुन्या चर्चांना ‘मूळ रूप’ देण्याची लाट आली होती. त्यापायी नंतरच्या पिढ्यांचं काम खरवडून काढलं जाई. विल्यम मॉरिस यांनी 1877 मध्ये त्याविरुद्ध संस्थाच काढली. त्यांची बाजू आपल्याला पटते. पण व्हॉरममध्ये एक पाऊल पुढे जावं लागतं. इथे प्रश्न नुसता भर घालण्याचा नाही, वजा करण्याचाही आहे. त्या कमानी मोकळ्या करून दालनं पुन्हा बांधली, तर चर्च देखणं होईल. पण गाव ओसरल्याचा पुरावाच पुसला जाईल. पडती भिंत सावरणं वेगळं आणि ती ‘पूर्ण’ करणं वेगळं.

दुसरी चूक याच्या उलट, म्हणजे भग्नतेवरच भाळण्याची. हिरवळ, शांतता, चरणाऱ्या मेंढ्या! छायाचित्र सुंदर येतं खरं. पण याच चराईसाठी माणसं गेली, हे त्या छायाचित्रात कुठे दिसतं?

उत्खननात 687 सांगाडे मिळाले. बहुतेक साधी शेतकरी माणसं. त्यांचा इतिहास कुणी लिहून ठेवला नाही. तो आहे हाडांत आणि या भिंतींत. म्हणून जुनी वास्तू पाहताना ‘कुणी बांधली?’ याच्या जोडीला आपण हेही विचारू या: यातलं कमी काय केलं, आणि कशामुळे? इथेच थांबू, आता तुमचे प्रश्न घेऊ.