कबुलीतला ‘मी’ कोणाचा?

तमिळमधला ‘विसारणै’ हा शब्द आपल्या ‘विचारणा’चाच भाऊ. मराठीत मात्र हा शब्द फार मवाळ आहे. विचारणा स्थळाची होते, थकलेल्या बिलाची होते. पोलीस ठाण्यात जी होते तिला आपण ‘चौकशी’ म्हणतो आणि ती नेहमी ‘कसून’ असते. ‘पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली’ हे वाक्य वर्तमानपत्रात आपण इतक्या वेळा वाचलेलं असतं, की त्यात एका माणसाला मारहाण झाल्याची बातमी आहे हे ध्यानातच येत नाही. व्याकरणाने पाहावं तर या वाक्याचा कर्ता आरोपी आहे. मारणारा माणूस वाक्यात नाहीच, त्याच्या जागी ‘खाक्या’ हे एक नाम बसवलेलं आहे.

वेत्रिमारन यांचा ‘विसारणै’ हा तमिळ चित्रपट २०१५ साली व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला, तिथे त्याला ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या इटलीतल्या शाखेचा पुरस्कार मिळाला. पुढे तीन राष्ट्रीय पुरस्कार आणि ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका हा मानही त्याच्याकडे आला. त्याचा पूर्वार्ध ज्या पुस्तकावर बेतला आहे ते ‘लॉक अप’ लिहिणारे एम. चंद्रकुमार हे कोइमतूरचे रिक्षाचालक. गावात त्यांना ‘ऑटो चंद्रन’ म्हणतात. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, ऐन तरुणपणी, ते आंध्रातल्या गुंटूरमध्ये मिळेल ते काम करून राहत होते. तिथे त्यांना आणि त्यांच्या सोबत्यांना पोलिसांनी उचललं आणि न केलेली चोरी कबूल करवण्यासाठी कोठडीत ठेवून मारलं. त्या दिवसांची ही हकीकत त्यांनी पुढे स्वतः, प्रथमपुरुषात लिहिली.

हा प्रथमपुरुष मला महत्त्वाचा वाटतो. कबुलीजबाब हा कायद्याचा कागद आहे तसा तो एक लेखनप्रकारही आहे, आणि फार विचित्र लेखनप्रकार आहे. तो आत्मकथनासारखा ‘मी’ने सुरू होतो. त्यात स्थळ, काळ, हेतू, कृती, सगळं येतं. फक्त लिहिणारा आणि ‘मी’ हे दोन वेगळे इसम असतात. गेली बरीच वर्षं मला जुने निकाल आणि त्यांत उतरवलेले जबाब वाचण्याचा नाद आहे. ‘सदर माल मी लपवून ठेवला असून तो काढून देतो, माझ्यासोबत चला’ या साच्याचं निवेदन कोणाही मराठी वकिलाला झोपेत म्हणता येईल. विटा वाहणारा, हमाली करणारा माणूस ‘सदर’ म्हणत नाही. ‘नमूद’, ‘समक्ष’, ‘हस्तगत’ हेही त्याचे शब्द नाहीत. तरी कागदावर तोच बोलत असतो आणि खाली अंगठा त्याचाच असतो. शैलीवरून लेखक ओळखावा असं समीक्षेत म्हणतात. ती कसोटी इथे लावली तर निम्म्या जबाबांचे लेखक ठाण्याच्या टेबलापलीकडे सापडतील.

हे ब्रिटिशांनाही ठाऊक होतं. महसूल आणि पोलीस खात्यांतल्या छळाची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल मद्रास इलाख्यात १८५५ सालीच आला होता. १८७२च्या पुरावा कायद्याने तर स्वच्छच सांगितलं की पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करता येणार नाही. कलम २५ ते हेच. पण दोन घरं पुढे कलम २७ होतं : आरोपीने कोठडीत दिलेल्या माहितीमुळे एखादी वस्तुस्थिती उघड झाली, तर त्या माहितीचा तेवढा भाग चालेल. दार बंद करून खिडकी उघडी ठेवावी तसा हा प्रकार. त्या खिडकीची रुंदी ठरवणारा प्रिव्ही कौन्सिलचा निवाडा आजही प्रत्येक न्यायालयात उद्धृत होतो. पुलुकुरी कोट्टय्या विरुद्ध सम्राट, १९४७च्या निर्णयसंग्रहात छापलेला. खटला दंगल आणि खुनाचा होता. त्यातले आरोपी निरपराध होते असं मला सुचवायचं नाही. मला थबकवलं ते त्याच्या गावाने. हा खटला मूळ गुंटूरच्या सत्र न्यायालयातला. आरोपीने भाला कुठे लपवला ते सांगितलं तर तेवढं घ्या, त्या भाल्याने भोसकलं असं तो म्हणाला असेल तर ते गाळा, असं न्यायमूर्तींनी सांगितलं. म्हणजे न्यायालयाने त्या दिवशी चक्क संपादन केलं, एका वाक्यातला कुठला अर्धा भाग ‘मी’चा मानायचा ते ठरवलं. नव्या भारतीय साक्ष अधिनियमात, जो १ जुलै २०२४ पासून लागू झाला, ही तिन्ही कलमं २३व्या कलमात एकत्र आली आहेत. खिडकी तशीच आहे.

मग ज्या कबुलीला कायद्यात किंमत नाही तिच्यासाठी एवढा मार कशाला? ‘विसारणै’चा पूर्वार्ध याचं उत्तर देतो आणि ते कुठल्याही भाष्याविना देतो. एका मोठ्या घरात चोरी झाली आहे. वरून दबाव आहे, प्रकरण मिटवायचं आहे. बागेत झोपणारी, किराणा दुकानात काम करणारी, परप्रांतातली चार पोरं हाताशी आहेत. त्यांनी पोलिसांपुढे कबूल करून भागणार नाही, न्यायाधीशापुढे कबूल केलं पाहिजे. त्यासाठी तयारी ठाण्यात करून घ्यायची आणि प्रयोग न्यायालयात. तालमीचा शब्द मी जाणून वापरतो. तालमीत एखाद्याचं वाक्य चुकलं की पुन्हा पहिल्यापासून, तशी ही मारहाण चालते.

त्याआधीचा एक प्रसंग तर एखाद्या दीर्घ लेखाइतकं सांगून जातो. रात्री रस्त्यात पोलीस एका पोराला अडवतात. नाव विचारतात. अफजल. मग तू अल कायदाचा की इसिसचा? तो म्हणतो, मी तमिळ आहे. मग एलटीटीईचा का? प्रेक्षागृहात इथे हसू येतं असं मी ऐकलं आहे, आणि येणारच. पण या तीन प्रश्नोत्तरांत पोरगा स्वतःबद्दल दोन खऱ्या गोष्टी सांगतो, आपलं नाव आणि आपली भाषा, आणि दोन्ही जशाच्या तशा आरोप होऊन परत येतात.

भाषेचा धागा दिग्दर्शकाने शेवटपर्यंत सोडलेला नाही. मारणारे तेलुगू बोलतात, मार खाणाऱ्यांना ती जेमतेम कळते. कोणत्या गुन्ह्यासाठी मारताहेत हेच त्यांना बराच वेळ उमगत नाही. न्यायालयात उभे राहिल्यावर पोरं धीर करून नाही म्हणतात, तर न्यायाधीशाला तमिळ येत नाही. त्या क्षणी न्यायालयात वेगळ्याच कामासाठी आलेला तमिळनाडूचा पोलीस निरीक्षक मुत्तुवेल दुभाषा होतो आणि पोरं सुटतात. या प्रसंगाची स्तुती माणुसकीचा क्षण म्हणून पुष्कळ झाली आहे. मला त्यात दुसरंही काही दिसतं. खरं बोलायची वेळ आली तेव्हासुद्धा या माणसांचा ‘मी’ एका पोलिसाच्याच तोंडून न्यायालयापर्यंत पोहोचतो. हा पोलीस भला निघाला, इतकंच.

आता आपल्याकडे वळू. ‘अर्धसत्य’ १९८३चा, म्हणजे चंद्रकुमार कोठडीत होते त्याच सुमाराचा. श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही कथा, तेंडुलकरांची पटकथा, गोविंद निहलानींचं दिग्दर्शन. मराठी वाचकाला हा चित्रपट आपला वाटतो आणि त्याचं मोठेपण मला मान्य आहे. पण त्यात अनंत वेलणकर कोठडीत एका किरकोळ चोराला मारता मारता ठार करतो. चोरी रेडिओची. वेलणकरचा बाप, त्याचं बालपण, त्याची कोंडी, त्याचं पिणं, सगळं आपल्याला ठाऊक असतं. त्या चोराचं घर कुठे होतं? त्याच्या प्रेताला कोण आलं? तो माणूस तिथे वेलणकरच्या घसरणीची एक पायरी म्हणून आहे. शेवटी वेलणकर रामा शेट्टीला मारून ठाण्यात हजर होतो. त्या चित्रपटातली कबुली म्हणावी अशी ही एकच कबुली, आणि ती पोलिसाची आहे, स्वेच्छेची आहे, तिच्यासाठी कुणाला पट्टा उचलावा लागत नाही. चाळीस वर्षं आपण या चित्रपटावर लिहितो आहोत, पण मेलेल्या माणसाच्या बाजूने त्याच्याकडे फारसं पाहिलेलं नाही.

‘जय भीम’ (२०२१) या बाबतीत पुष्कळ पुढे जातो. चोरीच्या आळावरून नेलेल्या माणसाची बायको तिथे ठामपणे उभी आहे. चित्रपटाच्या अखेरीस एका मराठी कवितेच्या ओळी येतात, त्याने आपल्याला बरंही वाटतं. तरी कथेचा कणा वकील आहे. मूळच्या १९९३च्या प्रकरणातला माणूस कुरवर समाजाचा होता, चित्रपटाने त्याला इरुळ केलं. यावर तमिळनाडूत वाद झाला तो मला रास्त वाटतो. ज्याचा ‘मी’ एकदा ठाण्यात बदलला गेला त्याची जात पडद्यावर पुन्हा बदलावी, हे सहज सोडून देण्याजोगं नाही.

म्हणून मी ‘लॉक अप’ला आपल्या भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांशेजारी ठेवतो. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ आणि भीमराव गस्तींचं ‘बेरड’ ही दोन्ही पुस्तकं १९८७ची. ‘उचल्या’ला पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवलं, त्यांच्या बाबतीत कबुलीची गरजसुद्धा उरली नव्हती, जात हाच जबाब होता. कायदा १९५२ साली गेला पण झडत्या चालूच राहिल्या. घरात पोलीस शिरल्यावर काय होतं हे गायकवाड ज्या सपाट आवाजात सांगतात त्यावर तेव्हाच्या काही समीक्षकांनी ‘हा दस्तऐवज आहे, कलाकृती नाही’ असा शेरा मारला होता. मला वाटतं शेरा बरोबर होता, निष्कर्ष चुकला. ते दस्तऐवज आहेतच. पोलिसांच्या दस्तऐवजाला उत्तर म्हणून लिहिलेले ते जबाब आहेत, तारीखवार, नावनिशीवार, आणि त्यांचा सपाटपणा साक्षीदाराचा आहे. लातूरच्या सूतगिरणीत काम केलेला माणूस आणि कोइमतूरचा रिक्षावाला यांनी एकमेकांना वाचलेलं असण्याचं कारण नाही. दोघांनी हिसकावून घेतलेला प्रथमपुरुष मात्र एकच आहे.

ही सगळी जुनी गोष्ट झाली असं कुणाला वाटेल, म्हणून एका निकालाचा उल्लेख करतो. त्यात प्रश्न कबुलीचा नव्हता, ओळख पटवण्याचा होता, तरी नाव कुणाचं लागतं हा मुद्दा तोच. जून २००३ मध्ये दरोडा, खून आणि बलात्काराचा भीषण गुन्हा घडला. भटक्या जमातीतले सहा मजूर पकडले गेले. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा ठोठावली. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने पोलिसांच्या छायाचित्रांतून सुरुवातीला दुसऱ्याच चौघांना ओळखलं होतं आणि त्यांचा तपासच झाला नव्हता. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्या, असं न्यायालयाने राज्याला सांगितलं. सोळा वर्षांचे पाच लाख, हा हिशेब ज्याचा त्याने करावा. खटल्यात आरोपीला स्वतःच्या तोंडाने बोलायची म्हणून एक जागा असते, जुन्या फौजदारी संहितेचं कलम ३१३. तिथेही प्रश्न आधीच तयार असतात आणि उत्तरं बहुतेक दोनच : ‘खोटं आहे’, ‘माहीत नाही’.

‘विसारणै’चा उत्तरार्ध मी मागे ठेवला होता. तो पुस्तकातला नाही, वेत्रिमारन यांचा आहे. पोरं सुटल्यावर मुत्तुवेलच्या उपकाराची फेड म्हणून एका बड्या हिशेबनिसाला पळवायला मदत करतात आणि तमिळनाडूत परततात. आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी, तोंडावर आहे म्हणून ठाणं झाडून-पुसून द्यायला थांबतात. तो हिशेबनीस कोठडीत मरतो, पोरांच्या कानावर नको ते पडतं आणि त्यांचा शेवट बनावट चकमकीत होतो. ठाण्याच्या भिंती धुणाऱ्या पोरांची दृश्यं विलक्षण आहेत. समुद्रकनींना मुत्तुवेलसाठी मिळालेला राष्ट्रीय पुरस्कारही योग्य आहे. तरी या भागात चित्रपट हळूहळू वेलणकरच्या वाटेला लागतो. आपल्याला मुत्तुवेलच्या सदसद्विवेकाची काळजी वाटू लागते, आणि पोरं पुन्हा पळणारी, लपणारी शरीरं होतात. त्यांचं बोलणं कमी होत जातं. राजकारण, पैसा आणि पोलीस यांचा जो व्यूह दाखवायचा होता तो दिसतो खरा, पण त्याची किंमत ज्यांच्यापासून चित्रपट सुरू झाला त्यांनीच मोजली.

एक गोष्ट मात्र दिग्दर्शकाने नेमकी ओळखली होती असं मला वाटतं. परतीच्या वाटेवर चौघांपैकी एक जण मध्येच गाडीतून उतरून आपल्या घरी जातो. त्याचं नाव कुमार. लेखकाच्या नावाचा उत्तरार्ध नेमका याच पात्राला मिळावा हा योगायोग नसावा. तो उतरतो तेव्हा कोणी विशेष लक्ष देत नाही, संगीतही चढत नाही. उरलेले तिघे, पांडी, मुरुगन आणि अफजल, गाडीतच बसून राहतात आणि गाडी ठाण्याच्या दिशेने पुढे जाते.