भुताची बदली

इंग्रजी भयपटांची मालिका लांबत गेली, की एखाद्या टप्प्यावर तिच्यातले भूत अंतराळात जाते. १९९६ साली ‘हेलरेझर’ मालिकेच्या चौथ्या भागात, ‘ब्लडलाइन’मध्ये, मस्तकभर खिळे ठोकलेला पिनहेड अवकाशस्थानकावर पोहोचला. त्याच सुमारास आयरिश लोककथेतला सोनेलोभी ठेंगू लेप्रेकॉन चौथ्या चित्रपटात परग्रहावरच्या राजकन्येशी विवाह करावयास निघाला. ‘फ्रायडे द थर्टीन्थ’चा मुखवटाधारी जेसन तर दहाव्या भागात, २००२ साली अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या ‘जेसन एक्स’मध्ये, इ. स. २४५५मध्ये अंतराळयानात जागा झाला. या प्रकाराची टिंगल पुष्कळ झाली आणि ती अनाठायी नाही. तथापि भयाचा उगम कोठे असतो, हे या फसलेल्या चित्रपटांतून जितके स्पष्ट कळते तितके यशस्वी चित्रपटांतून कळत नाही.

भूत हे जागेचे असते. मुंजा पिंपळाचा, गोव्याकोकणातला देवचार गावाच्या सीमेचा. जेसनही एका तळ्याचा. क्रिस्टल लेकच्या शिबिरात देखरेखीसाठी नेमलेल्या तरुणांचे लक्ष नव्हते आणि एक पोर बुडाले, हा मालिकेच्या मुळाशी असलेला अन्याय आहे. १९८०च्या पहिल्या चित्रपटात सूड घेते ती त्याची आई. जेसन स्वतः दुसऱ्या भागापासून मारेकरी होतो. पुढे निर्मात्यांना तळे अपुरे वाटू लागले. आठव्या भागात त्याला न्यूयॉर्कला नेले, नवव्यात नरकात धाडले. नरकानंतर अंतराळच उरले होते. ज्याच्या नावाने तालुका चळचळा कापे असा अधिकारी बदली होऊन परक्या जिल्ह्यात गेला, की तिथला शिपाईदेखील त्याला ओळखत नाही, हे आम्ही नोकरीत अनेकदा पाहिले आहे. यानातल्या विद्यार्थ्यांना जेसन कोण, तो का मारतो, हे ठाऊकच नाही. ते मरतात, घाबरत मात्र नाहीत, आणि मग आपणही घाबरत नाही.

रिडली स्कॉट यांच्या ‘एलियन’चे (१९७९) उदाहरण येथे पुढे केले जाईल. परंतु त्यातला प्राणी त्या अंधारातलाच आहे. त्याला मागे सोडून आलेले गाव नाही. ‘क्रिटर्स’ मालिकेतले जीवही मुळात अंतराळातूनच आलेले, तेव्हा १९९२च्या चौथ्या भागातले त्यांचे अंतराळगमन म्हणजे माहेरी जाणे होय.

‘ब्लडलाइन’ची गोष्ट मात्र निराळी. अठराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये लमार्शाँ नावाचा खेळणी करणारा कारागीर एक कोड्याची पेटी घडवतो आणि तिच्यातून नरकाचे दार उघडते. त्याचा विसाव्या शतकातला वंशज न्यूयॉर्कमध्ये वास्तुरचनाकार असतो. २१२७मधला वंशज अवकाशस्थानक बांधतो आणि ते स्थानकच मिटणारी, प्रकाशाची प्रचंड पेटी ठरते. पूर्वजाने उघडलेले दार बंद करण्यासाठी रचलेली. तिन्ही भूमिका ब्रूस रॅमसे या एकाच नटाने केल्या आहेत. येथे अंतराळ पळवाट म्हणून आलेले नाही. पिढीजात ऋण फेडण्याची ती जागा आहे, आणि ऋणाची कल्पना आपल्या वाचकाला समजावून सांगावी लागत नाही. दुर्दैवाने निर्मात्यांना पिनहेड लवकर पडद्यावर हवा होता. पुनर्चित्रण झाले, कथेची उलटापालट झाली आणि दिग्दर्शक केविन यॅगर यांनी आपले नाव काढून घेतले. श्रेयनामावलीत ‘ॲलन स्मिथी’ हे अशा प्रसंगी वापरले जाणारे टोपणनाव दिसते. चित्रपट विस्कळीत आहेच. पण तिन्हींत विचार असलेला हा एकच.

‘जेसन एक्स’मध्येही एक प्रसंग चांगला साधला आहे. जेसनला थोपवण्यासाठी यानातले संगणक त्याच्याभोवती क्रिस्टल लेकचा आभास उभा करतात: रात्र, झाडी, तळे, शिबिरातल्या दोन मुली. तो थबकतो आणि जुन्या सवयीने कामाला लागतो. सबंध चित्रपटात जेसन जेसनसारखा वाटतो तो एवढाच वेळ. शेवटी तो दुसऱ्या पृथ्वीच्या वातावरणात जळत कोसळतो, आणि त्याचा मुखवटा एका तळ्यातच पडतो.

यांतले अंतराळात कोणीच राहिले नाही. २००० साली पिनहेड एका पोलिसाच्या गुन्हेतपासाच्या कथेत दिसला आणि लेप्रेकॉन अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत. २००३च्या ‘फ्रेडी व्हर्सेस जेसन’मध्ये जेसन क्रिस्टल लेकवर परतला, २४५५ सालाचा उल्लेखही तेथे कोणी करीत नाही.