शंकेचें मोल

साहित्यविषयक मासिकांत पदार्थविज्ञानाच्या ग्रंथाचा परामर्श पाहून कित्येक वाचकांस नवल वाटेल. परंतु १६३८ सालीं हॉलंडांतील लायडन येथें छापलेला गॅलिलिओचा दोन नव्या शास्त्रांवरील ग्रंथ संवादरूप आहे. आणि शंका विचारून व गैरसमज दूर करून हें शास्त्र कसें उमगतें, याचा इतका जिवंत नमुना आमच्या पाहण्यांत दुसरा नाहीं. ग्रंथकार त्या वेळीं नजरकैदेंत होता.

बोलणारे तिघे आहेत : ग्रंथकाराचीं मतें मांडणारा साल्व्हिआती, चतुर साग्रेदो, आणि ॲरिस्टॉटलचा अभिमानी सिम्प्लिचिओ. जड वस्तु हलकीपेक्षां वेगानें पडते, असें सिम्प्लिचिओ म्हणतो. साल्व्हिआती त्यास विचारतो : मोठ्या दगडाचा वेग आठ व लहानाचा चार धरला, तर दोन्ही एकत्र बांधल्यावर काय होईल? मंद दगड वेगवानास मागें ओढील, म्हणून वेग आठांहून कमी. पण जोडी अधिक जड, म्हणून वेग आठांहून जास्त! दोन्ही एकदम खरें कसें असेल?

सामान्य लेखकानें येथेंच विजयाची नौबत वाजविली असती. पण सिम्प्लिचिओ निरुत्तर झाला तरी त्याचें समाधान होत नाहीं. लहान दगडानें वजनांत भर पडली, मग वेगांत कां पडूं नये? या भाबड्या शंकेनेंच ग्रंथांतील एक अपूर्व उत्तर बाहेर काढलें आहे : खांद्यावरचें ओझें आपण अडवून धरतों तोंवरच तें दाबतें; त्याच्याच वेगानें आपणही खालीं पडूं लागलों, तर तें दाबील कसें? मुक्तपणें पडणाऱ्या माणसास स्वतःचें वजन जाणवणार नाहीं, हा विचार आइन्स्टाइनला १९०७ सालीं सुचला, आणि त्यांतून गुरुत्वाकर्षणाच्या नव्या सिद्धान्ताची वाट निघाली, हें आठवलें म्हणजे या शंकेचें मोल कळतें.

तथापि एक दोष सांगितला पाहिजे. आपल्या शास्त्रग्रंथांतील पूर्वपक्षाप्रमाणें सिम्प्लिचिओही बहुधा तेंच विचारतो, ज्याचें उत्तर ग्रंथकाराजवळ तयार आहे. खऱ्या विद्यार्थ्याची शंका इतकी सोयीची नसते. शिवाय तिसऱ्या व चौथ्या दिवशीं लॅटिन प्रमेयांची रांग लागते, शंकेचा आवाज क्षीण होतो, आणि वाचक दमतो.

पण याच तिसऱ्या दिवशीं ग्रंथांतील सर्वांत मोलाचें पान येतें. पडणाऱ्या वस्तूचा वेग तिनें आक्रमिलेल्या अंतराच्या प्रमाणांत वाढतो, असें साग्रेदो सुचवितो. त्यावर साल्व्हिआती सांगतो कीं, आमचा ग्रंथकारही कांहीं काळ याच भ्रमांत होता! ही केवळ नम्रता नव्हे. गॅलिलिओच्या १६०४ च्या एका पत्रांत ही चूक खरोखरच आढळते. वेग वाढतो तो काळाच्या प्रमाणांत. म्हणूनच पहिल्या सेकंदांत सुमारें १६ फूट पडलेला दगड दोन सेकंदांत ६४ फूट पडतो. साल्व्हिआतीनें केलेलें खंडन मात्र आम्हांस घाईचें वाटतें. सरळ उत्तर असें कीं, हातांतून नुकत्याच सुटलेल्या दगडाचें अंतर शून्य. तेव्हां त्या नियमानें वेगही शून्य, आणि दगड जागचा हलणारच नाहीं.

आम्ही शाळेंत हें सूत्र पाठ केलें, परीक्षेंत पुरे गुण मिळविले, आणि जड दगड आधीं पडतो ही समजूत मनांत तशीच जपून ठेवली. वर्ग हंसेल या भीतीनें शंका कधीं विचारली नाहीं. आणि आमच्या पुस्तकानेंही, या सूत्रापूर्वीं कोणी चुकला होता, हें कधीं सांगितलें नाहीं. चुकांचा मागमूस पुसून टाकलेलें शास्त्र विद्यार्थ्यास परकें वाटतें. आपण जेथें अडखळलों तेथें खुद्द गॅलिलिओही अडखळला होता, एवढें कळलें तरी विचारण्याचें धैर्य येतें. शिक्षकांनीं या ग्रंथांतून एवढें एक पान उचललें, तरी पुष्कळ झालें.