परत आलेला प्रोटॉन

लालबर्र्याला घरच्या कॅरमवर एक गोष्ट बोटांना लहानपणीच कळली होती. जड स्ट्रायकर हलक्या सोंगटीवर नेमका समोरून बसला, तरी तो पुढेच सरकतो. मागे फिरायचं तर समोरचं जड हवं. प्रोटॉनचंही तसंच. हायड्रोजनच्या केंद्रावर आपटून तो कधी मागे येत नाही. हेलियमवरून सरळ मागे आला, तर मूळ ऊर्जेतले ३६ टक्के त्याच्याजवळ उरतात. कार्बनवरून आला, तर जवळपास ७२. बाकीची ऊर्जा समोरच्याला ढकलण्यात गेलेली असते. केंद्राच्या आत मात्र काही बदलत नाही, म्हणून हे लवचिक विकिरण. आधी प्रोटॉन आणि कार्बन, नंतरही प्रोटॉन आणि कार्बन.

मग यात वाचण्यासारखं काय? कार्बनवरून मागे उलटणाऱ्या प्रोटॉनांचा आलेख समोर घ्या. आडव्या अक्षावर ऊर्जा, उभ्यावर परत येण्याची शक्यता. फक्त विद्युतभारांची रेटारेटी असती, तर रदरफोर्डच्या सूत्राप्रमाणे ऊर्जा दुप्पट झाल्यावर शक्यता चौथाईवर आली असती. ही रेघ मात्र उतरायच्या ऐवजी चढू लागते. सव्वासतरा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास एकदम सुळका, सूत्राच्या कित्येक पट उंच. आणि त्याला लागूनच कडा तुटावा तशी खोल घळ.

सगळे सुळक्याकडे पाहतात. मला ती घळ जास्त मोलाची वाटते. प्रोटॉन इथे लाट म्हणून वागतो. एक वाट बाहेरूनच परतणारी, दुसरी आत जाऊन थोडं थांबून बाहेर येणारी. दोन्ही लाटा मिळाल्या की सुळका, एकमेकींना खोडू लागल्या की घळ. आत थांबणं म्हणजे तरी किती? सेकंदाच्या शंभर अब्जाव्या भागाचे पुन्हा शंभर अब्ज भाग करावेत, तसे शंभरेक. पण त्या केंद्रातून सरळ पार व्हायला याच्या पन्नासाव्या हिश्शाइतकाच वेळ पुरला असता! एवढ्या वेळात तिथे नायट्रोजन-१३ चं उत्तेजित रूप जमतं आणि मोडतं. त्याला कुणी पाहिलेलं नाही. त्याची साक्ष रेघेच्या या वळणात आहे.

हे वळण कामालाही येतं. जड धातूवरचा कार्बनचा पातळ थर एरवी सहज हाती लागत नाही. याच ऊर्जेचे प्रोटॉन सोडले की तो ठळक दिसतो. असे प्रोटॉन देऊ शकणारं यंत्र आपल्याकडे ट्रॉम्बेला आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या जुन्या व्हॅन डी ग्राफचं रूप पालटून २००० साली 'फोटिया' सुरू झालं. त्यात हायड्रोजनचा ऋण आयन धन टोकाकडे ओढला जातो, तिथे त्याचे दोन्ही इलेक्ट्रॉन काढून घेतात आणि उरलेला प्रोटॉन त्याच टोकापासून दूर ढकलला जातो. एकाच व्होल्टतेचा दोनदा उपयोग. ही युक्ती मला फार देखणी वाटते.

आता आलेखावर डावीकडे या. साडेचार लाखांच्या जरा पुढे आणखी एक वळण आहे, पसरट आणि शांत. इथे आत गेलेला प्रोटॉन बहुतेक वेळा परत येतो. क्वचित येत नाही: गॅमा किरण सोडून तिथेच राहतो आणि कार्बनचा नायट्रोजन-१३ होतो, दहा मिनिटांच्या अर्धायुष्याचा. सूर्याच्या गाभ्यातल्या प्रोटॉनांची ऊर्जा याहून खूप कमी; तिथे कार्बन प्रोटॉन गिळतो तो याच वळणाच्या दूरवर लांबलेल्या शेपटीवर.