आज्ञाधारक सामान

घरांतील सामानानें मनुष्याची इच्छा ओळखून आपला आकार बदलावा, ही कल्पना आतां केवळ कादंबरीकारांची राहिलेली नाहीं. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या मीडिया लॅबमध्यें हिरोशी इशिई, डॅनियल लाइथिंगर व शॉन फॉल्मर यांनीं २०१३ सालीं ‘इनफॉर्म’ नांवाचें एक मेज सिद्ध केलें. त्यांत ९०० दांडे असून प्रत्येक दांडा यंत्रानें वरखालीं होतो. त्यामुळें क्षणांत मेजावर टेकडी उठते, क्षणांत तेथेंच खळगा पडतो. पुढील वर्षीं त्याच संस्थेंत केंट लार्सन यांच्या मंडळानें २०० चौरस फुटांच्या घरासाठीं बिछाना, मेज व कपाट पोटांत घेणारा, हाताच्या खुणेनें, स्पर्शानें वा शब्दानें चालणारा एक सरकता संच दाखविला.

या दोन कृतींची योग्यता सारखी नाहीं, असें आमचें मत आहे. आणि त्याचा दाखला मावळांतच सांपडतो. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दगडी छताखालीं लांकडी कमानी बसविलेल्या आहेत. दगड स्वतःचा भार स्वतः पेलतो, त्यास या कमानींची गरज नाहीं. त्या पूर्वींच्या लांकडी घरांची आठवण म्हणून तेथें आहेत. नवें साधन हातीं आलें तरी जुना आकार सुटत नाहीं, तो असा. लार्सन यांचा संच याच जातीचा आहे : बिछाना बिछानाच, फक्त त्यास चाल आली. ‘इनफॉर्म’ मात्र मेज म्हणजे काय, हेंच नव्यानें विचारतें. उपयोग पहिल्याचा अधिक; प्रतिभा दुसऱ्याची.

बेडशाच्या विहारांतील खोल्यांत खडकांतच कोरलेल्या शय्या आहेत. त्यांनीं कोणाची इच्छा कधीं ओळखली नाहीं. निजणाराच आपलें अंग त्यांशीं जुळवून घेई. आमच्या माजघरानें मधला मार्ग काढला. पहाटे वळकट्या भिंतीशीं गेल्या, कीं तेथेंच पाट मांडले जात. रात्रीं पाट उचलले, कीं पुन्हां अंथरुणें पडत. एकच खोली दिवसांतून तीनदां रूप पालटी. यावरून कोणी म्हणेल, कीं मग यंत्राचें नवल तें काय? परंतु वळकटी आपोआप गुंडाळली जात नव्हती. तें रूपांतर घरांतील स्त्रियांच्या कंबरेच्या जोरावर चालत असे, आणि त्याचा हिशेब कोणी ठेवला नाहीं. ते कष्ट यंत्र वांचवीत असेल, तर आम्ही त्याचें स्वागतच करूं.

आमचा आक्षेप पुढच्या पायरीस आहे. सांगितलेलें ऐकणें वेगळें आणि न सांगतां ओळखण्याची हांव धरणें वेगळें. मनुष्यास कधीं स्वतःचीच इच्छा उमगलेली नसते. तेव्हां सामानानें निमूट उभें राहावें, हेंच बरें. शिवाय लोणावळ्याच्या श्रावणांत लांकूड फुगतें, लोखंड गंजतें, आणि एखाद्या रात्रीं वीजहि जाते. अशा रात्रीं जो बिछाना हातानें ओढून बाहेर काढतां येईल, त्यासच आम्ही उत्तम सामान म्हणूं.