प्रेमाची सीमा आणि चर्चमधील भिंत

ख्रिस्ती धर्म हा प्रेमाचा धर्म होय, हे विधान आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ख्रिस्ती समाज या शिकवणुकीप्रमाणे वागतो काय, हा प्रश्न मात्र आपल्याकडे घाईने विचारला जातो आणि तितक्याच घाईने निकालात काढला जातो. कोणी मिशनऱ्यांच्या शाळा व दवाखाने दाखवून होकार देतो, तर कोणी धर्मांतराच्या आमिषाचा आरोप करून नकार देतो. सुशिक्षित माणूस या दोहोंच्या मध्ये उभा राहून म्हणतो की, शिकवण थोर आहे, अनुयायी अपुरे पडतात. हे तिसरे मत सर्वांत सभ्य वाटते आणि म्हणूनच त्याची चिकित्सा सर्वांत कमी होते. प्रस्तुत लेखात आम्हांला तीच करावयाची आहे. त्यासाठी भारतातील चर्च आणि जात हे एकच उदाहरण आम्ही घेत आहोत; कारण ते दुःख आपल्या पूर्वजांचेही आहे.

प्रथम शिकवण पाहू. आपला शेजारी कोण, असा प्रश्न एका शास्त्र्याने येशूला केला तेव्हा येशूने एक कथा सांगितली. लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या वाटसरूजवळून याजक निघून गेला, लेवी निघून गेला. आणि यहुदी ज्याला तुच्छ मानीत त्या शोमरोनी माणसाने त्याच्या जखमा बांधल्या. पुढे पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात यहुदी व ग्रीक, दास व स्वतंत्र हे भेद ख्रिस्तामध्ये उरत नाहीत असे सांगितले. शेजारी कोण हे जन्मावरून ठरत नाही, हा या दोहोंचा अर्थ होय. ही शिकवण क्षुद्र नाही, हे बौद्ध अभ्यासकाने मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

आता इतिहास पाहू. इ. स. १६०६ मध्ये रॉबर्ट डी नोबिली हा इटालियन जेझुइट मदुराईस आला. तेथे पूर्वीपासून परवर या मासेमारी करणाऱ्या जातीचे ख्रिस्ती होते. उच्चवर्णीय आपल्याकडे वळावेत म्हणून त्याने त्यांच्यापासून वेगळे बिऱ्हाड केले, भगवी वस्त्रे धारण केली, मांसाहार सोडला. इ. स. १६२३ मध्ये पोप पंधरावे ग्रेगरी यांनी नवख्रिस्ती ब्राह्मणांना जानवे व शेंडी ठेवण्यास काही अटींवर अनुमती दिली. पुढे १६४० नंतर खालच्या मानलेल्या जातींसाठी ‘पंडारस्वामी’ म्हणविणारे निराळे धर्मगुरू नेमले गेले. डी नोबिली दुष्ट नव्हता. लोकांच्या आत्म्यांचा उद्धार व्हावा, या प्रेमापोटीच त्याने हे केले. परंतु त्या प्रेमाने जातीची रेषा पुसली नाही. तिच्या दोन्ही बाजूंना दोन पुरोहित उभे केले.

प्रोटेस्टंट पंथाने निराळा मार्ग धरून पाहिला. कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३ मध्ये दक्षिणेतील मंडळ्यांना पत्र धाडून जात तत्काळ आणि कायमची सोडण्याचा आदेश दिला. त्यावर तंजावर व मद्रास येथील अनेक वेल्लाळ ख्रिस्ती मंडळीच सोडून गेले. तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी आणि तमिळ ख्रिस्ती कवी वेदनायगम शास्त्री हे दोघेही श्वार्ट्झ या मिशनऱ्याचे शिष्य. या शास्त्र्यांनीच जातिआचाराच्या समर्थनार्थ मिशनऱ्यांविरुद्ध लेखणी चालविली. ख्रिस्तावर भक्तिगीते रचणारा कवी जातीसाठी भांडतो, ही विसंगती त्याला स्वतःला जाणवली नाही, हे विशेष चिंत्य आहे.

तिरुनेलवेली भागातील वडक्कनकुलम येथे १८७२ मध्ये बांधलेल्या चर्चला दोन दालने होती. वेल्लाळ एका दालनात बसत, नाडार दुसऱ्यात. दोन्ही दालने वेदीपाशी येऊन मिळत. १९१० च्या सुमारास बिशपने मधला आडोसा पाडला तेव्हा वेल्लाळ कोर्टात गेले. मद्रास उच्च न्यायालयाने त्यांचा हक्क मान्य केला नाही. हा प्रकार इतिहासजमा झाला असे कोणी म्हणेल, तर २००८ च्या मार्चमध्ये तमिळनाडूतीलच एरैयूर गावी काय घडले ते आठवावे. दलित कॅथलिकांनी स्वतंत्र धर्मग्रामाची मागणी केली. वन्नियार कॅथलिकांनी त्यांच्या घरांवर हल्ला केला. पोलिसांच्या गोळीबारात दोन माणसे मरण पावली. दोन्ही बाजूंचे लोक एकाच ख्रिस्ताचे उपासक होते.

म्हणून ख्रिस्ती माणसाला प्रेम जमतच नाही असा निष्कर्ष काढला तर तो असत्य ठरेल. जोतीरावांचे शिक्षण पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत झाले, ही गोष्ट आपण विसरू शकत नाही. १९९९ च्या जानेवारीत ओडिशातील मनोहरपूर येथे ग्रॅहॅम स्टेन्स यांना दोन कोवळ्या मुलांसह जिवंत जाळण्यात आले. त्यांच्या पत्नीने मारेकऱ्यांना जाहीरपणे क्षमा केली आणि कुष्ठरोग्यांची सेवा पुढे चालू ठेवली. अवैराचा एवढा जिवंत पाठ आपल्या काळात क्वचितच पाहावयास मिळाला. ज्या धर्मात शत्रूलाही क्षमा करणारी स्त्री निर्माण होते, त्याच धर्मात शेजारच्या बाकावरचा माणूस परका का राहतो?

याचे उत्तर शोधताना आम्हांला आचार्य बुद्धघोषांच्या विसुद्धिमग्गाचे साहाय्य होते. मैत्रीचा दूरचा शत्रू द्वेष होय, हे कोणीही सांगेल. पण आचार्य तिचा जवळचा शत्रूही सांगतात, तो म्हणजे राग, अर्थात आपल्यांविषयीची आसक्ती. हा शत्रू मैत्रीसारखाच दिसतो, म्हणून ओळखू येत नाही. जातीत प्रेमाचा तुटवडा कधीच नसतो. जातीच्या आत ते ओसंडून वाहत असते. त्याच ग्रंथात ‘सीमासंभेद’ हा विचार आहे. स्वतः, प्रिय, तटस्थ आणि वैरी असे चौघे एकत्र बसले असता दरोडेखोरांनी एकाचा बळी मागितला, तर ‘यांना नको, मला न्या’ असे म्हणणाऱ्याचीही सीमा तुटलेली नसते. चौघांपैकी एकही देण्याजोगा दिसत नाही तेव्हाच ती तुटते. प्रेमाची परीक्षा त्याच्या उत्कटतेवर होत नाही, ती सीमेवर होते. डी नोबिलीचा त्याग उत्कट होता. सीमा मात्र शाबूत राहिली.

तेव्हा ‘शिकवण थोर, अनुयायी अपुरे’ हे सूत्र आम्हांला अपुरे वाटते. वडक्कनकुलमची दोन दालने कोणा एका दुर्बल अनुयायाने मोहाच्या क्षणी उभारली नाहीत. त्यासाठी नकाशा, वर्गणी आणि वरिष्ठांची संमती लागली. शिकवण आणि व्यक्ती यांच्यामध्ये संस्था असते आणि प्रेम हरले ते तेथे. तथागतांनी हे ओळखले होते. शाक्य कुमार प्रव्रज्येस आले तेव्हा त्यांनीच विनंती केली की, आमच्या उपाली न्हाव्याला आधी दीक्षा द्यावी, म्हणजे त्याला वंदन करताना आमचा कुलाभिमान गळून पडेल. भगवंतांनी तसेच केले. संघात ज्येष्ठता उपसंपदेच्या क्रमाने ठरली. मैत्री हा केवळ उपदेश न राहता कोणी कोठे बसावे याचा नियम झाला.

परमपूज्य बाबासाहेबांनी १ जानेवारी १९३८ रोजी सोलापूर येथे ख्रिस्ती बांधवांसमोर बोलताना बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांविषयी आदर व्यक्त केला आणि दक्षिणेतील चर्चमध्ये पाळल्या जाणाऱ्या जातिभेदावर बोटही ठेवले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात प्रेम पुरेसे नाही, मैत्री हवी, असे ते म्हणतात. त्याचा मर्मार्थ या इतिहासातून स्पष्ट होतो.

ख्रिस्ती समाजातूनही हा आवाज उठला आहे. अरविंद निर्मळ या मराठी विद्वानांनी १९८१ मध्ये बंगळूर येथे ब्राह्मणी विचारात गुंतलेल्या भारतीय ख्रिस्ती चिंतनास आव्हान दिले आणि त्यातून दलित ईश्वरज्ञानाची वाट निघाली. २०१६ मध्ये कॅथलिक बिशपांच्या परिषदेने आपल्या धोरणपत्रात चर्चमधील अस्पृश्यता मान्य केली. २०२२ मध्ये हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला हे पहिले दलित कार्डिनल झाले. हा उशीर शतकांचा आहे; तरीही दोषाची कबुली देणारी संस्था कबुली न देणाऱ्या संस्थेहून पुढे असते.

आता आरसा आपल्याकडे वळवू. इ. स. १७५३ मध्ये सयामहून आलेल्या उपाली नावाच्याच स्थविरांनी श्रीलंकेत उपसंपदेची परंपरा पुन्हा सुरू केली. आणि थोड्याच वर्षांत त्या सियाम निकायाने गोविगम जातीखेरीज इतरांना उपसंपदा नाकारली. डावललेल्यांना ब्रह्मदेशात जाऊन उपसंपदा घ्यावी लागली व १८०३ मध्ये अमरपुर निकाय उदयास आला. न्हाव्याला पहिले आसन देणाऱ्या शास्त्याच्या शासनात हे घडले. आणि आपण? बावीस प्रतिज्ञा घेऊनही सोयरीक जुळविताना पोटजात विचारणारी घरे आपल्या वस्तीत नाहीत काय? विहारात शेजारी बसलेल्या दुसऱ्या पूर्वजातीच्या बौद्धाला आपण जेवणाच्या पंगतीत आणि लग्नाच्या मांडवात किती जवळ करतो?

ख्रिस्ती बांधवांना त्यांच्या भिंतीबद्दल विचारण्याचा अधिकार आपल्याला जरूर आहे, कारण त्या भिंतीपलीकडे बसविलेली माणसे आपलीच होती. बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती १९९० मध्ये मिळाल्या. दलित ख्रिस्ती मात्र १९८५ च्या सुसाई खटल्यात, ख्रिस्ती समाजातही जातीची वंचना तितकीच तीव्र आहे हे सिद्ध झाले नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयातून रिकाम्या हातांनी परतले. बंधुत्वाचा धर्म स्वीकारलेल्या माणसाला आपल्याच मंडळीतील विषमतेचे पुरावे गोळा करावे लागावेत, याहून करुण दृश्य दुसरे नाही. त्याला हसण्यापूर्वी आपल्या विहारातील सीमा तपासाव्या, एवढीच आमची धम्मबंधूंना विनंती आहे.